मोरेबाईंच्या शाळेचा पट

दुबईहून आलेल्या माणसाने तिथल्या उंच इमारतीबद्दल बोलायचं असतं. आम्हीही ती पाहिली. खाली उभं राहून मान वर केली, मान दुखली, खाली केली. ज्यांना अधिक हवं असेल त्यांनी आमच्या मुलाला विचारावं. त्याच्याकडे तिचे भरपूर फोटो आहेत आणि त्या सगळ्यांत इमारत पूर्ण आली आहे, आमची डोकी अर्धी.

मी सांगणार आहे ते आयर्लंडमधल्या एका खेडेगावातल्या प्राथमिक शाळेबद्दल. ती शाळा मी पाहिलेली नाही. तिच्याबद्दल मला जे कळलं ते दुबईत, एका सात मजली इमारतीच्या मागच्या बाकावर बसून कळलं. पण सगळी नोकरी गुहागर तालुक्यातल्या एका वाडीवर, दोनशिक्षकी शाळेत काढली असल्यामुळे मला शाळा ऐकूनही कळते.

मी आणि माझी बायको सुमन डिसेंबरात गेलो. मुलगा निखिल रास अल खोरला एका गोदामाच्या ऑफिसात आहे. सून प्राजक्ता हॉस्पिटलात नर्स आहे. नात मीरा नऊ वर्षांची, नातू ओम सहा वर्षांचा. मुलांना मराठी सगळं समजतं आणि ती उत्तर इंग्रजीत देतात. पहिल्याच दिवशी मी मीराला हाक मारली, तर ती म्हणाली, "आजोबा, यू डोन्ट हॅव टू शाउट." वाडीवर दोन खोल्यांना एकदम ऐकू जाईल असं बोलायची सवय आहे, ती जात नाही.

सुमनने पहिले दोन दिवस भाजी बघण्यात घालवले. कोथिंबिरीची जुडी उचलायची, दिरहमचे रुपये करायचे आणि जुडी खाली ठेवायची. निखिल म्हणे, "आई, कन्व्हर्ट नको ना करू. यल्ला, चल, टाक बास्केटमध्ये." ती टाकत असे, पण घरी येईपर्यंत त्या जुडीशी बोलत नसे.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी ओमला घेऊन इमारतीच्या मागे गेलो. तिथे पोहण्याचा तलाव आहे आणि त्याच्या कडेने धावायला बंदी आहे, म्हणून ओम तिथेच धावतो. त्याच्या बापाने, आईने आणि मी हे त्याला पुष्कळदा सांगितलं होतं. बाकावर एक गोऱ्या, पांढऱ्या केसांच्या आजीबाई थर्मासमधला चहा पीत बसल्या होत्या. उन्हाने नाक गाजरासारखं झालेलं. त्यांनी मान वर न करता एक शब्द उच्चारला, "वॉक." आणि ओम चालू लागला.

मी जागच्या जागी थांबलो. हा आवाज डी.एड.ला शिकवत नाहीत. चार इयत्तांना एका खोलीत वर्षानुवर्षं सांभाळलं की तो आपोआप येतो.

"प्रायमरी?" मी विचारलं.

"प्रायमरी," त्या म्हणाल्या, आणि बाकावर सरकून जागा केली.

त्यांचं नाव मॉरीन. मुलगी नूला आमच्याच मजल्यावर राहत होती आणि दुबईतल्या एका शाळेत शिकवत होती. तिला तीन मुलगे, नवरा समुद्रातल्या तेलविहिरीवर, पंधरा दिवस तिकडे आणि पंधरा दिवस घरी. मॉरीन ख्रिसमससाठी आल्या होत्या. सुमनला ते नाव जमेना. तिने संध्याकाळपर्यंत त्यांच्या मोरेबाई केल्या आणि त्या दिवसापासून आमच्या घरात त्या मोरेबाईच झाल्या. त्यांनीही हरकत घेतली नाही.

अडचण भाषेची होती. आम्ही दोघेही इंग्रजीच बोलत होतो. पण त्यांचं इंग्रजी मला कळेना आणि माझं त्यांना. शेवटी मीराला मधे बसवलं. मी इंग्रजीत बोलायचो, मीरा ते इंग्रजीत सांगायची, मग बाई इंग्रजीत बोलायच्या आणि मीरा तेही इंग्रजीत सांगायची. आठवडाभरात कान बसले आणि मीराची सुटका झाली. इथे मी त्यांचं बोलणं मराठीतच देतो.

त्यांचं गाव आयर्लंडच्या पश्चिमेला, समुद्रापासून जरा आत. एक चर्च, दोन दारूची दुकानं, एक पोस्ट होतं ते बंद झालं, आणि शाळा. शाळा दगडी, दोन खोल्यांची. दारंही दोन, एक मुलांचं आणि एक मुलींचं. आत गेल्यावर मात्र सगळे एकाच बाकांवर बसत.

"मग दोन दारं कशाला?"

"फादरना रस्त्यावरून बरं दिसावं म्हणून."

जमीन एका जमीनदाराने दान दिलेली. पाणथळ. पावसात फरशीच्या सांध्यांतून पाणी वर येई आणि पहिलीची मुलं पाय वर घेऊन पाढे म्हणत. मी म्हटलं, आमच्या शाळेची जागा खोतांनी दिली, कातळावर. तिथे नाचणीसुद्धा येत नव्हती. दान दिलेली जमीन जगभर सारखीच असते, यावर आमचं एकमत झालं.

त्यांच्याकडे दलदलीतली माती विटांसारखी कापतात, वाळवतात आणि जळण म्हणून वापरतात. बाई लहान असताना हिवाळ्यात प्रत्येक मुलाने काखेत तसली एक वीट घेऊन शाळेत यायचं, असा नियम होता. जो आणणार नाही त्याने शेगडीपासून लांब बसायचं. शेगडी मास्तरांच्या टेबलाजवळ, त्यामुळे पहिली ऊब मास्तरांना आणि उरलेली हुशार मुलांना. मी त्यांना सांगितलं की आमच्याकडे शनिवारी प्रत्येक मुलाने शेण आणायचं, वर्ग सारवायला. हे मीराकडून त्यांच्यापर्यंत जाताना वाटेत अडकलं. मीरा म्हणाली, "आजोबा, आय ॲम नॉट सेइंग दॅट." मग मी हातवाऱ्यांनी गाय केली. बाईंना लगेच समजलं. त्यांच्याकडेही गाई आहेत.

त्या त्याच शाळेत शिकल्या, तिथेच शिक्षिका झाल्या, तिथूनच मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या. भिंतीवर दर वर्षाचा फोटो आहे. कोण कुठे गेलं ते त्यांना फोटोवर बोट ठेवून सांगता येतं. हा बोस्टनला, ही लंडनला, हे दोघे भाऊ सिडनीला. "एक वर्ग तर सगळाच्या सगळा गेला," त्या म्हणाल्या. "शिक्षिका म्हणून मला अभिमान वाटतो." पुढचं वाक्य त्यांनी केलं नाही. मला दुसरा कप चहा ओतला. दूध घातलेला, कडक, आमच्याकडच्यासारखा. एवढ्या लांबच्या लोकांना चहा करता येतो याचं सुमनला फार नवल वाटलं.

मग त्यांनी मूळ मुद्दा सांगितला. शाळेचा पट घसरला होता. पुढच्या सप्टेंबरच्या शेवटी मुलं मोजायची आणि आकडा कमी भरला तर दुसरं शिक्षकपद जाणार. मग एका शिक्षकावर सगळ्या इयत्ता. मग चार पालक मुलं काढून गावाबाहेर घालणार. मग...

"मला पुढचं पाठ आहे," मी म्हटलं. आमची शाळा याच क्रमाने गेली. आता तिथे बचतगटाचे पापड वाळतात. पापड चांगले असतात.

"तीन मुलं कमी पडतात," बाई म्हणाल्या. "नूलाला तीन मुलगे आहेत. गावात मी सांगितलंय की नातवंडांना भेटायला चालले. पण मी प्रवेश करून घ्यायला आले आहे."

मी त्यांना नावं ठेवू शकलो नाही. मे महिन्याच्या उन्हात घरोघर फिरून मीही मुलं गोळा केली आहेत. लग्नात अक्षता टाकताना मी सहा वर्षांनंतरची पहिली मोजत असे.

अल क्वोज

रविवारी संतोषचा फोन आला. संतोष आमच्या वाडीचा, माझा विद्यार्थी, अल क्वोजला एका सुतारकामाच्या वर्कशॉपमध्ये आहे. "गुरुजी, जेवायला याच. आपल्या शाळेतली सात पोरं आहेत आसपास, सगळ्यांना बोलावलंय." त्यांच्या राहण्याच्या खोल्यांवर बायकांना नेता येत नाही. म्हणून सुट्टीच्या दिवशी फोरमनची परवानगी काढून वर्कशॉपमध्येच बेत केला होता. मोरेबाईंना हे कळताच त्या म्हणाल्या, "मीही येते." आमंत्रण नव्हतं. पण माजी विद्यार्थी म्हटल्यावर त्यांना आमंत्रणाची गरज वाटली नाही.

सुतारांच्या दोन लाकडी घोड्यांवर प्लायवुडच्या फळ्या टाकून टेबल केलं होतं. भुश्याचा वास आणि माशाच्या कालवणाचा वास एकत्र येत होते. आम्ही आत शिरलो आणि सातही जण उभे राहिले. दाढ्या आलेले, पोटं आलेले, एकाच्या डोक्यावरचे केस गेलेले. कुणीतरी सुरुवात केली आणि सगळे एका सुरात म्हणाले, "एक साथ नमस्ते!"

मोरेबाईंना शब्द कळले नाहीत, पण प्रसंग कळला. त्यांनी मान हलवली आणि हाताने "बसा" अशी खूण केली. सगळे बसले.

कालवण सुरमईचं होतं, तिखट. बाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या पुन्हा पुन्हा वाढून घेत होत्या. संतोष घाबरून म्हणाला, "मॅडम, खलास, बस झालं, त्रास होईल." त्यांनी सोलकढीचा ग्लास रिकामा केला आणि एकेकाला विचारायला सुरुवात केली. लग्न झालं का? मुलं किती? कुठल्या शाळेत?

सातपैकी सहा जणांना मुलं होती. सगळी चिपळूणला किंवा रत्नागिरीला, इंग्रजी माध्यमात. त्यासाठी बायकाही वाडी सोडून भाड्याच्या खोलीत राहायला गेल्या होत्या.

संतोष माझ्याकडे न बघता म्हणाला, "गुरुजी, आपली शाळा चांगलीच होती. पण..."

"मला माहीत आहे रे," मी म्हटलं. त्याचं चुकलं असं मला कधी वाटलं नाही. गाडीला रस्ता मिळाला की माणूस बैलगाडी ठेवत नाही, बैल कितीही चांगला असला तरी.

परतताना बाई बराच वेळ खिडकीबाहेर गोदामं बघत होत्या. "ते तुमच्यासाठी उभे राहिले," त्या म्हणाल्या.

"हो."

"आणि मुलं दुसरीकडे घातली."

"हो."

"माझेही तसेच," त्या म्हणाल्या आणि पिशवीतून पुदिन्याची गोळी काढून मला दिली.

खोर फक्कान

नाताळच्या सुट्टीत दोन गाड्या करून आम्ही सगळे खोर फक्कानला गेलो. नूलाचा नवरा समुद्रावर होता, म्हणून ती आणि मुलगे तिच्या गाडीत. आम्ही निखिलच्या मोठ्या, सात जणांच्या गाडीत आणि मोरेबाई आमच्यात, कारण सुमनने पुढच्या सीटवर थालीपिठांचा डबा ठेवला होता आणि बाईंना त्याचा सुगावा लागला होता.

वाळवंट मागे पडलं की डोंगर सुरू होतात. डोंगर आपल्याकडच्यासारखे उंच, पण एकही झाड नाही. सुमन म्हणाली, "कुणीतरी सह्याद्री सोलून ठेवलाय." बोगद्यांमागून बोगदे लागले आणि शेवटच्या बोगद्यापलीकडे एकदम निळा समुद्र, अर्धगोल किनारा, आणि एका टोकाला बंदराच्या क्रेन. त्या क्रेन कंटेनर उचलत होत्या आणि ठेवत होत्या. ओमने सांगितलं की हे दिवसभर बघितलं तरी चालेल. त्याला पाहिजे ते सगळं तिथे होतं.

मुलांनी वाळूत बांध घालायला घेतला. आम्ही मोठी माणसं छत्रीखाली. मोरेबाईंनी नेमका तोच मुहूर्त धरला. मुलीला म्हणाल्या, "बघ, किती छान खेळतायत. गावात मोकळं मैदान आहे. घर रिकामंच आहे. मुख्याध्यापकांची जागाही भरायची आहे. तू अर्ज केलास तर..."

नूला शांत स्वभावाची. तिने आधी मुलांकडे बघितलं, ती लांब होती. मग म्हणाली, "आई, मी आठ वर्षं तुझ्या शाळेत बसले. शाळेत तुला बाकीच्या मुलांसारखं मिसेस म्हणायचं आणि घरी आई. एकदा स्वयंपाकघरात चुकून मिसेस म्हणाले. तू 'येस?' म्हणालीस आणि बटाटे सोलत राहिलीस. तुला आठवतही नसेल."

बाईंनी थर्मासचं झाकण घट्ट केलं.

"माझ्या मुलांना आजी हवी आहे. मला आई मिळाली नाही तरी चालेल. पण त्यांना पटासाठी नेणार नाही."

"मी निवृत्त झाले आहे," बाई म्हणाल्या.

"नाही झालीस. तू इथे प्रवेश घ्यायला आली आहेस. मला पहिल्या दिवशीच कळलं."

नूला उठून मुलांकडे गेली. सुमनला इंग्रजी कळलं नव्हतं. तिने मला हळूच विचारलं, "काय झालं हो?"

"पट भरत नाही," मी म्हटलं. ती मास्तराची बायको आहे. तिने एक थालीपीठ लोण्याचा गोळा घालून बाईंच्या हातात दिलं. बाईंनी ते हातात धरून ठेवलं, खाल्लं नाही. तेव्हा प्रकरण गंभीर आहे हे मलाही कळलं.

प्राजक्ता कलिंगड कापत होती. बाईंच्या जिल्ह्याचं नाव ऐकल्यापासून ती त्यांच्याशी बोलताना जरा विचारात पडायची, हे मी पाहिलं होतं. तिने सुरी खाली ठेवली आणि बाईंना इंग्रजीत विचारलं, "तुमच्या गावाहून जिल्ह्याचं हॉस्पिटल किती लांब?"

"वीस मिनिटं. पुढे ट्रॅक्टर आला तर अर्धा तास."

हे ऐकून निखिल अचानक क्रेन बघायला लागला. आमचा मुलगा लहानपणापासून असाच आहे. काही लपवायचं असलं की दूरचं बघतो.

"बाबा, आई," प्राजक्ता म्हणाली, "सांगणारच होते. माझा आयर्लंडचा इंटरव्ह्यू झालाय. आमच्या वॉर्डमधल्या किती जणी गेल्या. मला तीन हॉस्पिटलं दिलीत, त्यातलं एक हे. या महिन्यात हो की नाही कळवायचंय."

"इथे काय वाईट आहे?" सुमनने विचारलं.

"वाईट काही नाही हो आई. पण इथला व्हिसा नोकरीला बांधलेला. निखिलची गेली, माझी गेली, की बॅगा भरा. मुलं इथे कितीही वाढली तरी इथली होत नाहीत. तिकडे होऊ शकतात."

"आणि चिपळूणची जागा?"

निखिल लग्न झाल्यापासून म्हणत होता की पाच वर्षांत परत येऊ आणि त्यासाठी आम्ही चिपळूणला जागा घेऊन ठेवली होती. तिथे सुमनने दोन आंबे आणि एक फणस लावला आहे. ती चपला हातात घेऊन पाण्याच्या कडेने चालत गेली, बंदराच्या टोकापर्यंत, आणि तशीच चालत परत आली. कलिंगड तिने खाल्लं नाही.

येताना डोंगरातल्या एका धरणावर थांबलो. धरणाच्या पाण्यात बदकं आणि पायाने चालवायच्या होड्या आहेत. गाडीत कुणी कुणाशी बोलत नव्हतं, त्यामुळे मोरेबाई म्हणाल्या की आपण होडीत बसू. मी आणि त्या बसलो. तलावाच्या मध्यावर माझ्या बाजूचं पायडल निखळलं. आता एकट्या बाई पाय मारत होत्या, आणि एकाच बाजूने पाय मारला की होडी गोल फिरते. किनाऱ्यावरचा होडीवाला "यल्ला, यल्ला!" असं ओरडत होता. आम्ही यल्ला करत होतो, पण वर्तुळात.

मी ठरवलं की हीच वेळ. इतकी वर्षं विस्तार अधिकाऱ्यांनी मला जे प्रश्न विचारले होते, ते मी त्यांना विचारले. मुलींच्या संडासात पाणी येतं का? येतं. एका खोलीत चार इयत्ता असताना पहिलीला वाचन घेताना चौथी काय करते? चौथी दुसरीला शिकवते. मीही हेच करत असे. शाळेच्या दप्तरात लिहिलंय का तसं? "दप्तरात वेगळं लिहिलंय," त्या म्हणाल्या. माझ्याही दप्तरात वेगळंच होतं.

"एखादं मूल तिसरीपर्यंत वाचायलाच लागलं नाही तर?"

त्यांनी पाय मारायचं थांबवलं. "थांबते. माझ्याजवळ बसवते. रोज एक गोष्ट वाचून दाखवते आणि ऐन रंगात आली की पुस्तक मिटते. एक दिवस त्याला राग येतो आणि ते स्वतः उघडतं."

"आणि राग आलाच नाही तर?"

"मग मलाच वाचून पुरी करावी लागते. असेही दोघे-तिघे झाले. त्यातला एक आज माझं गवत कापून देतो. भला माणूस आहे."

शेवटचा प्रश्न मला विचारायचा नव्हता. "आमची मुलं सावळी आहेत. नावं वेगळी. हसतील का?"

दुसऱ्या कुणी लगेच नाही म्हटलं असतं. बाईंनी विचार केला. होडी एकदा पूर्ण फिरली. "पहिला आठवडा हसतील," त्या म्हणाल्या. "मग मैदानावर कुणीतरी चिखलात पडेल आणि त्याला हसतील. तोवर मी रोज फाटकात उभी राहीन. ते मला करता येतं."

थोड्या वेळाने होडीवाला दुसरी होडी घेऊन आला आणि त्याने आम्हाला दोरी लावून ओढत नेलं. सगळं घर काठावर उभं राहून बघत होतं. त्या दिवशी नूला पहिल्यांदा हसली.

पुन्हा दुबई

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी प्राजक्ता ड्यूटीवरून आली आणि युनिफॉर्म न बदलता माझ्यासमोर बसली. निखिल दारात उभा होता. सुमन आत भांडी घासत होती.

"बाबा," प्राजक्ता म्हणाली, "पगार, घर, थंडी, हे आम्ही बघू. मुलांच्या शाळेचं आम्हाला कळत नाही. तुम्हाला कळतं. ती शाळा चांगली आहे का?"

आतला नळ बंद झाला.

मला पुष्कळ बोलता आलं असतं. तिकडे दुपारीच अंधार पडतो. पाऊस आपल्यासारखा चार महिन्यांत आटपत नाही. दुबईहून मुंबईला तीन तासांत येता येतं, तिकडून विमान बदलत यावं लागतं आणि आमची वयं झाली आहेत. हे सगळं खरं होतं. पण विचारलं होतं शाळेबद्दल.

"शाळा चांगली आहे," मी म्हटलं.

"नक्की?"

"माझी मुलं मी घातली असती."

निखिल दारातून आत आला आणि माझ्या शेजारी बसला. लहानपणी निकालाच्या दिवशी बसायचा तसा, अंग न लावता पण जवळ. नळ पुन्हा सुरू झाला.

सुमनने त्या रात्री सगळ्यांना जेवायला वाढलं. ताटं उचलताना म्हणाली, "तुम्हाला नाही म्हणता येत नव्हतं?"

"तिने शाळेबद्दल विचारलं."

"आयुष्यभर पटावर एक खोटं नाव लिहिलं नाहीत. शेवटी शाळा गेली ती गेलीच. इथे तरी एक खोटं बोलायचं होतंत. कुणी तपासायला येणार नव्हतं."

चिपळूणच्या फणसाला यंदा पहिल्यांदा फळ धरलं. ते आम्ही दोघांनी आणि शेजाऱ्यांनी खाल्लं.

पुढचं थोडक्यात सांगतो. जुलैअखेर ते चौघे आयर्लंडला गेले. निखिलला तिकडेही गोदामच मिळालं. मीरा आणि ओम त्या शाळेत जातात. तिसरं मूल ब्राझीलचं निघालं. त्याचे वडील तिथल्या मांसाच्या कारखान्यात कामाला आले आहेत. आकडा भरला आणि दुसरं शिक्षकपद राहिलं. या वर्षापुरतं राहिलं. पुढच्या वर्षी पुन्हा मोजतील. नूला दुबईतच आहे. उन्हाळ्यात मुलांना आजीकडे पाठवते, पाढे विचारायचे नाहीत या अटीवर. बाई ती अट पाळतात असं नूला सांगते. मोठा नातू मात्र सतराचा पाढा कुठून शिकला ते तिला कळलेलं नाही.

मोरेबाई दुबईहून निघाल्या ती सकाळ मला लख्ख आठवते. आमच्या आधी दोन दिवस त्यांचं विमान होतं. सामान लिफ्टमध्ये ठेवून त्या आत उभ्या होत्या, नूला खाली गाडी काढायला गेली होती. मी नमस्कार केला, त्यांनीही हात जोडले. तेवढ्यात आमचं दार उघडलं आणि सुमन आली. त्या दिवसांत ती माझ्याशी कामापुरतंच बोलत होती. तिचे हात पिठाने भरलेले होते. ती सरळ लिफ्टच्या दारात जाऊन उभी राहिली आणि बाईंशी मराठीत बोलायला लागली. नुसत्या मराठीत नव्हे, आमच्या वाडीच्या मराठीत, भरभर, श्वास न घेता. ओमला ताप आला तरी तो सांगत नाही, त्याचे कान बघायचे, कान लाल झाले की ओळखायचं. त्याला भातावर तूप लागतं, तुमच्याकडे लोणी असेल तर ते कढवा. झोपेत पांघरूण काढून टाकतो, ते पुन्हा घालायचं, दोनदा घालायचं. मीरा रागावली की जेवत नाही. समजूत काढायला जाऊ नका, ताट झाकून ठेवा आणि दुसऱ्या खोलीत जा.

मी भाषांतर करायला पुढे झालो. मोरेबाईंनी माझ्याकडे न बघता मला हाताने थांबवलं. त्या सुमनच्या तोंडाकडे बघत होत्या आणि प्रत्येक वाक्याला मान हलवत होत्या.

लिफ्टचं दार दोनदा बंद व्हायला आलं. दोन्ही वेळा सुमनने मधे पाय घातला आणि पुढचं सांगितलं.